फिक्कट सोलापूर

कंदरच्या बाजूनं येणारी केळी टेंभुर्णीच्या पॅकहाऊसला उतरताना मी लहानपणापासून बघतोय. कच्चे घड, सुट्या केलेल्या फण्या, तुरटीच्या पाण्याचे हौद, पंख्याखाली वाळवण, मग तेरा किलोची खोकी. कंटेनरचं तापमान साडेतेरा अंशांच्या आसपास ठेवून दार लावलं, की माल न्हावा-शेव्याला आणि तिथून आखाती देशांत. ‘आपल्या जिल्ह्यातून एकूण किती जातात?’ असं मी तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, एकदा विचारलं. ‘जातात की भरपूर,’ एवढंच उत्तर मिळालं. मी पुण्यात सॉफ्टवेअरवाला. ‘भरपूर’ या शब्दावर माझं पोट भरत नाही.

केंद्र सरकारनं 2022 साली ‘निर्यात’ नावाचं पोर्टल सुरू केलं. तक्ते चांगले, पण तात्या तक्ता वाचणार नाहीत. नकाशावर बोट ठेवलं की जिल्हा उघडावा, असं अ‍ॅप करायचं मी ठरवलं. दोन रविवारांचं काम वाटलं होतं, दिवाळी गेली.

पहिल्या झटक्यात पालघरच गायब! मी फुकटात उतरवलेला नकाशा 1 ऑगस्ट 2014 च्या आधीचा, पालघर ठाण्यातच. रायगडचं स्पेलिंग नकाशात एक, तक्त्यात दुसरं. अशी नावं जुळवण्यातच निम्मा वेळ गेला. हे काम कुणी शिकवत नाही आणि कुणी सांगतही नाही.

मग रंग. जास्त निर्यात तितका गडद, असं ठेवलं तर मुंबई-पुण्याकडचे जिल्हे काळेनिळे आणि सोलापूर धुवून धुवून विटलेल्या चादरीसारखं. एक, दहा, शंभर अशा दसपटीच्या पायऱ्या लावल्या तेव्हा कुठे त्याला रंग चढला. तात्यांनी मोबाइल लांब धरून पाहिलं. ‘काल फिकं होतं, आज गडद. एका रात्रीत एवढा माल गेला?’ मला हसू आलं आणि लाजही वाटली. रंगाखाली पायऱ्यांचे आकडे लिहायचे मी विसरलो होतो.

खरी गोम पुढेच होती. निर्यातीच्या शिपिंग बिलात माल मूळचा कोणत्या जिल्ह्याचा हे लिहिणं 2020 च्या फेब्रुवारीपासून सक्तीचं आहे. त्या रकान्याच्या भरवशावरच माझा नकाशा उभा. एका संध्याकाळी कंटेनर भरत असताना शिपिंग बिलाचा कागद सहज हातात आला. केळी करमाळा तालुक्यातली, भरणी माढा तालुक्यात, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. रकान्यात मात्र भलताच जिल्हा होता, जिथं निर्यातदाराचं ऑफिस आहे तो. भरणाऱ्यानं सवयीनं पत्त्यातला जिल्हा उचलला असावा. एका कागदावरून सगळा तक्ता खोटा ठरत नाही. पण माझा सोलापूरचा रंग नेमका किती फिका, हे सांगायची सोय राहिली नाही. जिथं पिकलं ते दाखवतोय, असं मी समजत होतो; काही ठिकाणी तरी मी कागद जिथं बसतो ते दाखवत होतो.

अ‍ॅप मी बंद केलं नाही. वर ठळक लिहिलं, ‘शिपिंग बिलात नोंदलेला जिल्हा’. आणि तात्यांची वही मागून घेतली. कंटेनरची तारीख, खोकी, वजन, सगळं त्यांच्या गिचमिड अक्षरात. मी एकेक ओळ टाइप करत होतो, ते बाजूला सुपारी कातरत बसले होते. नव्या रकान्यापाशी मी थांबलो.

‘तालुका काय लिहू, तात्या?’

‘बाग करमाळ्यात, वजनकाटा माढ्यात,’ ते म्हणाले. ‘दोन रकाने कर.’