कॅमेऱ्याचे कांदेपोहे, मुक्काम पोस्ट मुरुड

लग्नाच्या मुलाला निदान दोन-चारदा भेटता तरी येतं. कॅमेऱ्याचं काय? फोर्टात बोराबाजारच्या गल्लीत शिरायचं, काउंटरवरचा मुलगा काचेच्या कपाटातून पीस काढून हातात देतो, आपण समोर टांगलेल्या बॅगांचा एक फोटो काढतो, तो स्क्रीनवर झकास दिसतो (एसीत, ट्यूबलाइटखाली सगळंच झकास दिसतं!) आणि दहा मिनिटांत पावणेदोन लाखांचा निर्णय. एवढ्या वेळात तर आपली आई साधी पैठणीही उलगडून बघत नाही.

मी फ्रीलान्सर. म्हणजे पगार नाही, पीएफ नाही, पण ‘फोटो तुम्हीच काढाल ना?’ हा संपादकांचा गोड प्रश्न दर असाइनमेंटला ठरलेला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या सेकंडहँड डीएसएलआरच्या शटरने मान टाकली. बँकेत एक लाख नव्वद हजार होते. दीड वर्षाची बचत, त्यातच पुढच्या तीन महिन्यांचं भाडंही. चुकीचा कॅमेरा घेतला तर तो ओएलएक्सवर टाकताना किती रडू येतं, हे मला मित्रांकडे बघून माहीत होतं.

मग ठरवलं, घेण्याआधी पाहुण्यांना दोन दिवस घरी राहायला बोलवायचं. आपल्याकडे कॅमेरे भाड्याने मिळतात. आधार कार्ड, डिपॉझिट आणि सही, बस्स. दोन्ही उमेदवारांचं दोन दिवसांचं भाडं पाच हजारांच्या आत बसलं. थोरला फुल-फ्रेम मिररलेस, म्हणजे सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा, ३६ बाय २४ मिलीमीटर. झूम लेन्ससकट वजन सव्वा किलो, किंमत पावणेदोन लाख. धाकट्याचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहूनही लहान, वजन अर्धा किलो, किंमत नव्वदच्या आसपास. नावं सांगत नाही. उगाच भांडणं नकोत.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणला आणि वाटाण्याचं रोप वाढताना फ्रेम-फ्रेम टिपून दाखवलं, तेव्हा कुठे सिनेमासाठी पैसे उभे राहिले. माझ्या घरात वाटाणे फक्त फ्रीझरमध्ये. म्हणून मुरुड. काळा किल्ला, पांढरं आकाश, खारं वारं, हलणारी होडी... एवढा कठीण पेपर मुंबईपासून एका दिवसात गाठता येईल असा दुसरीकडे कुठे मिळणार?

गेटवेवरून मांडव्याची बोट, तिथून अलिबाग, मग रेवदंडा, काशीद करत एसटीने मुरुड. सोबत रूममेट. तिचं काम बॅगा सांभाळणं आणि खरं बोलणं. पहिल्याच तासात तिने दुसरं काम चोख केलं. थोरला गळ्यात अडकवून मी किनाऱ्यावर उभी राहिले, तर म्हणाली, ‘अगं, लग्नातला व्हिडिओवाला दिसतेयस.’

संध्याकाळी मात्र थोरल्याने मन जिंकलं. सुरूच्या बनाखाली जवळजवळ अंधार, समोर समुद्रात पद्मदुर्ग, मागे केशरी आकाश. धाकट्याच्या फोटोत आकाश आलं तर सुरू नुसते काळे, आणि सुरू आले तर आकाश पांढरंफट्ट. थोरल्याने दोन्ही टिपलं. रात्री लॅपटॉपवर सावल्या उजळल्या तर खोडांच्या खपल्यासुद्धा निघाल्या. पावणेदोन लाख इथे दिसतात, बाबा! मी मनातल्या मनात साखरपुडा उरकून टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकदऱ्याला जायचं होतं, खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात. ऑक्टोबर हीट, म्हणून रात्री एसी अठरावर. बाहेर पडल्या पडल्या दोन्ही लेन्स धुरकट! थंडगार काचेवर दमट हवेचं बाष्प जमतं, आपल्या चष्म्यावर जमतं तसंच. पुसलं की पुन्हा येतं. पंचवीस मिनिटं आम्ही हात चोळत बसलो आणि होड्या रिकाम्या होऊन गेल्या. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आधीच बाहेर व्हरांड्यात ठेवायचा असतो, हे शहाणपण आम्हाला होमस्टेच्या काकूंनी दिलं. त्यांच्याकडे राहून गेलेल्या कुठल्याशा पक्षीवाल्याकडून त्या शिकल्या होत्या. इथे दोघेही उमेदवार नापास. खरं तर मीच.

एकदऱ्याला सुकट वाळत घातली होती. थोरला उचलला तशी मावशींनी पदर सावरला, पाठ ताठ केली आणि विचारलं, ‘काय गो बाय, पेपरात छापनार काय?’ फोटो आला तो आधारकार्डासारखा. थोड्या वेळाने धाकट्यावर काढायला लागले, तर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारणीशी त्यांचं कडकडून भांडण चालू झालं होतं. त्या भांडणाचे चाळीस फोटो आहेत माझ्याकडे, एकाहून एक!

आणि मग राजपुरी.

जंजिऱ्याला आम्ही शिडाच्या होडीतून गेलो. वारं पडलं की होडी डुलत राहते, वारं आलं की पाणी अंगावर येतं. खलाशीकाका सिद्दीची गोष्ट सांगत होते आणि मधेच मला म्हणाले, ‘ताई, तो मोठा आत टाका, खारं पाणी हाय.’ मी लेन्सला रुमाल गुंडाळला. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, बुरुजांच्या आड लपलेला आहे, आणि दिसतो तेव्हा तुम्ही उतरायच्या गडबडीत असता. होडी लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आली की काका दंड धरतात आणि ‘हां, आता!’ म्हणतात. त्या क्षणी तुमचा एक हात त्यांच्या हातात असतो. उरला एक.

सव्वा किलोचा कॅमेरा एका हाताने चालत नाही, हे बोराबाजारात कसं कळावं? तिथे दोन्ही हात मोकळे असतात. जमीनही हलत नाही.

थोरला बॅगेत गेला. धाकट्यावर, एका हाताने, अंगठ्याने फोकस सरकवत मी तो फोटो काढला : वर पायरीवरून वाकलेले काका, त्यांचा पसरलेला पंजा, आणि खाली लाटेवर अर्धवट उचललेली आमच्या मागच्या आजोबांची चप्पल. थोडा हललाय. आकाशही उडालंय. पण दोन दिवसांत काढलेल्या सगळ्या फोटोंमध्ये रूममेटने बोट ठेवलं ते त्याच्यावरच.

आत पाऊण तास मिळतो असं सांगितलं होतं, तो कसा उडतो कळत नाही. पंज्यात हत्ती पकडलेला दरवाजाजवळचा शरभ सावलीत होता. तिथे थोरला पुन्हा बाहेर काढला आणि त्याने पुन्हा मला लाजवलं, दगडावरची छिन्नीची खूणसुद्धा सोडली नाही. (ट्रायपॉड नेऊ नका. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.) कलालबांगडी तोफेपाशी धाकट्याने बॅटरी टाकली! ऐन मोक्याला. रूममेट तोफेला टेकून पोझ देत होती, तिचा चेहरा अजून आठवतो. तळ्यापाशी पुन्हा थोरला. घाम इतका की त्याची जाड ग्रिप घसरत नव्हती, हे मात्र कबूल करायला हवं.

फणसाडला शेकरू बघायचा बेत रद्द केला. दोघांच्याही लेन्स तिथवर पोचणाऱ्या नव्हत्या, आणि आम्हाला बांगडा फ्राय खुणावत होता.

परतीच्या बोटीत हिशेब केला. थोरल्यावर एकशे अकरा फोटो, धाकट्यावर सहाशे चाळीस. थोरल्याचा एकेक फोटो नुसता बघत बसावा असा. पण माझे फोटो छापले जातात ते पाव पानात, आणि पाव पानाएवढे करून रूममेटला दाखवले तर सुरूचं बन सोडून तिला एकाही ठिकाणी थोरला ओळखता आला नाही. त्या सुरूच्या बनासाठी पंच्याऐंशी हजार जास्त द्यायचे का? मांडव्यापासून गेटवेपर्यंत मी तेवढाच विचार केला. देणारे देतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. प्रदर्शन भरवणारी असते तर मीही दिले असते.

सोमवारी दोन्ही परत केले. काउंटरवरच्या मुलाने थोरल्याची झूम रिंग कानाजवळ धरून फिरवली. किर्र. त्याने माझ्याकडे पाहिलं.

‘मॅडम, मुरुडची वाळू का?’

डिपॉझिटमधून पाचशे गेले. मी म्हटलं, ‘छोटावाला पॅक करा. आणि दोन बॅटऱ्या जास्त द्या.’