मेलनीचा दावा

'गॉन विथ द विंड' पाहून परतल्यावर आमच्या महाविद्यालयीन मित्रमंडळात नायिका स्कार्लेटच्या गुणावगुणांवर उत्तररात्रीपर्यंत वाद रंगत, तेव्हा मी एकट्याने सालस मेलनीचा पक्ष घेत असे. आणि तो मी आज उतारवयातही सोडलेला नाही. टारा येथील घरात शिरलेल्या लुटारू शिपायावर स्कार्लेट गोळी झाडते, त्या क्षणी बाळंतपणाच्या दुखण्यातून न सावरलेली मेलनी अंगातील निजायच्या झग्यानिशी जिन्याच्या माथ्यावर येऊन उभी राहते आणि तिच्या हातात असते एक तलवार, जी पेलण्याचे त्राणही तिच्या मनगटात नाही. प्रेत पाहून ती किंचाळत नाही. पिस्तूल साफ करताना अवचित बार उडाला, असे बाहेरच्यांना प्रसन्न मुद्रेने खोटेच सांगते आणि रक्त जमिनीवर ओघळू नये म्हणून अंगावरचा झगा उतरवून देते. हे सौजन्य दुबळे आहे, असे म्हणणाऱ्याने तो प्रसंग नीट पाहिलेला नाही, हे माझे मत तेव्हाच बनले.

ही भूमिका करणारी ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड 1916 साली टोकियोत, इंग्रज मातापित्यांच्या पोटी जन्मली, कॅलिफोर्नियात वाढली आणि मॅक्स राइनहार्टच्या हाताखाली शेक्सपिअरच्या नाटकात हर्मियाचे काम केल्यावर वॉर्नर ब्रदर्सच्या पदरी सात वर्षांच्या करारनाम्याने बांधली गेली. तिथे एरॉल फ्लिनच्या शौर्यकथांतून सुंदर मुखाने वाट पाहत बसण्यापलीकडे तिला फारसे काम नसे. मेलनीसाठी तिला दुसऱ्या निर्मात्याकडे धाडण्यास स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर राजी नव्हता. तेव्हा तिने थेट त्याच्या पत्नीला गाठून रदबदली करवली.

पुढे मी वकिलीच्या व्यवसायात पडलो आणि तिच्या खटल्याचा निकाल वाचनात आला, तो मी एखादी कादंबरी वाचावी तशा उत्कंठेने वाचला. नटीने एखादी भूमिका नाकारली की मालकाने तिला बिनपगारी तहकूब करावे आणि तहकुबीचे दिवस कराराच्या मुदतीत जोडावेत, असा त्या काळचा रिवाज होता. म्हणजे नकार जितके अधिक, तितकी वेठ लांब. बेटी डेव्हिससारखी करारी नटी याच मालकाशी 1936 मध्ये लंडनच्या न्यायालयात झगडून हरली होती. 1943 मध्ये ऑलिव्हियाची सात वर्षे पुरी झाली, तेव्हा तिच्याही नावावर सुमारे सहा महिन्यांची बाकी दाखवण्यात आली. तिने मार्टिन गँग या वकिलामार्फत दावा लावला. व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे बजावता येत नाही, असे कॅलिफोर्नियाचा कायदा सांगत होता. ही वर्षे प्रत्यक्ष चाकरीच्या दिवसांची की पंचांगातली, एवढाच मुद्दा होता. पंचांगातली, असे न्यायालयाने ठरवले, आणि डिसेंबर 1944 मध्ये अपिलातही तेच कायम झाले. दरम्यान वॉर्नरने इतर स्टुडिओंना ताकीदपत्रे धाडली होती, त्यामुळे सुमारे दोन वर्षे तिला चित्रपटात काम मिळाले नाही. त्या अवधीत ती जखमी सैनिकांच्या इस्पितळांतून हिंडली. आपल्याकडे 1939 साली अभिनेत्री शांता आपटे कराराच्याच तंट्यापायी 'प्रभात' चित्रसंस्थेच्या दाराशी उपोषणास बसल्या होत्या, याचे मला हा निकाल वाचताना वारंवार स्मरण होई.

खटल्यानंतरची ऑलिव्हिया पाहावी ती 'द एअरेस'मध्ये. या कथेवरील नाटक पाहून तिनेच दिग्दर्शक विल्यम वायलरला ते सुचवले होते. प्रियकराने दगा दिल्यावर नायिका कॅथरिन पहाटे सामानाची पेटी घेऊन जिना चढते, त्या दृश्याचे चित्रीकरण वायलरने पुनःपुन्हा करवले, तेव्हा संतापून तिने ती पेटी त्याच्या दिशेने भिरकावली. पेटी रिकामी असल्याचे ध्यानी येताच त्याने ती जड पुस्तकांनी भरवली. पडद्यावर त्या पायऱ्यांवरून वर जाते ती खरोखरच ओझ्याने वाकलेली स्त्री. पुढे काही वर्षांनी तो प्रियकर परत येतो, तेव्हा कॅथरिन शांतपणे आपले भरतकाम संपवते, धागा कापते, दाराला अडसर घालायला लावते आणि दिवा हाती घेऊन तोच जिना चढते. मुद्रेवर क्रोध नाही, आनंदही नाही. या भूमिकेने तिला दुसरे ऑस्कर मिळाले; पहिले 1946 च्या 'टू ईच हिज ओन'चे होते. तिच्या सर्व कामांत मी हेच श्रेष्ठ मानतो.

नंतर ती पॅरिसला स्थायिक झाली आणि 2020 मध्ये, वयाच्या 104 व्या वर्षी, तिथेच निवर्तली. परंतु त्याआधी, 2017 साली, आपल्या 101 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिने आणखी एक फिर्याद गुदरली : एका दूरचित्रवाणी मालिकेत आपल्या अनुमतीवाचून आपले पात्र रंगवले आणि सख्ख्या बहिणीविषयी अपशब्द आपल्या तोंडी घातले, अशी. अपिलात निकाल तिच्या विरुद्ध गेला, आणि कलावंताच्या अभिव्यक्तीचा विचार करता तो योग्यच होता. पण शंभरी ओलांडलेली बाई न्यायालयात उभी ठाकली आहे, ही वार्ता वाचून मला झालेला आनंद त्या निकालाने तिळमात्र उणावला नाही.