सासवण्याचं शिल्पांचं घर

पोळ्याला आपल्या खानदेशात घरोघरी मातीचे बैल पुजतात. तुमच्यापैकी काहीजण ते स्वतःच करत असतील. तशा मुलांनी एकदा तरी सासवण्याला जायलाच हवं.

सासवणे हे रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. जळगावकरांनी रेल्वेने, धुळेकरांनी एस.टी.ने मुंबई गाठायची. गेटवेपासून लाँचने मांडवा. तिथून सासवणे जवळच. इथे शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचं घर आहे. घर कसलं, शिल्पांचं संग्रहालयच ते!

अंगणातच एक म्हैस बसली आहे. हात लावाल तर कळेल, ती सिमेंटची आहे! आत ‘मत्स्यगंधा’ ही कोळ्याची पोर आहे, ओझी वाहणारा हमाल आहे. राजे आणि पुढारी घडवणाऱ्या हातांनी गावची साधी माणसंही तितक्याच मायेने घडवली.

नानासाहेबांचा जन्म १८९१ सालचा. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर स्वार झालेले शिवाजी महाराज काढले. त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला ते चित्र पडलं. ‘भिंत कुणी खराब केली?’ असं न म्हणता त्यांनी चित्रकाराची चौकशी केली आणि त्या पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठवलं. पुढे १९२८ साली पुण्यात महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. तो ब्राँझचा पुतळा याच मुलाने घडवला होता!

आपल्या धुळ्याजवळच्या गोंदूरच्या राम सुतारांचंही असंच झालं. त्यांचा जन्म १९२५ चा. त्यांच्यातला कलाकार जोशी गुरुजींनी हेरला आणि त्यांना जे. जे.ची वाट दाखवली. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा सुतारांनीच घडवला. २०१८ साली गुजरातेत त्याचं अनावरण झालं.

नानासाहेब १९६७ साली गेले. त्यांच्यामागे घरच्या माणसांनी ही शिल्पं विकून टाकली नाहीत की कुलपातही ठेवली नाहीत. घर सर्वांना पाहायला खुलं ठेवलं. म्हणून तर तुम्हाआम्हाला ती इतक्या जवळून बघता येतात.

सहलीला गेलात तर वही-पेन्सिल बरोबर न्या. म्हशीपुढे बसून तिचं चित्र काढून बघा. आणि आईबाबांनो, पोराने घरची भिंत रंगवली तर ओरडण्याआधी, काय काढलंय ते जरा बघा बरं!