आमच्या नावाची वही आम्हीच वाचू

सावकाराच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिले आहे, हे आमच्या आजोबांना वाचता येत नव्हते. आज ती वही क्रेडिट रिपोर्ट झाली आहे. आम्हाला वाचता येते, पण आम्ही ती उघडत नाही.

चिखली तालुक्यात बचत गटातल्या एका ताईंचे शेळीपालनाचे कर्ज 'सिबिल खराब' म्हणून नाकारले गेले. तेव्हा आम्ही सगळ्यांनीच रिपोर्ट काढले. आमच्याही नावावर, कधी न मागितलेल्या कर्जासाठी एका फायनान्स कंपनीने दोन चौकशा केलेल्या निघाल्या. लागोपाठ अशा चौकशा झाल्या की स्कोअर घसरू शकतो. शिवाय आपल्या आधारची झेरॉक्स कुठे फिरते आहे, हा प्रश्न उरतोच.

आम्ही कंपनी आणि ब्युरो दोघांनाही लेखी विचारले: आमची संमती दाखवा, नाहीतर नोंद काढा. नोंदी निघाल्या. 30 दिवसांत तक्रार न निपटल्यास दररोज 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे. त्यापुढे लोकपाल आहेत.

सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन, क्रिफ हाय मार्क. चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. बाबासाहेबांच्या 'शिका'मध्ये हे वाचणेही येते.

जयभीम!