गुडघे टेकले

मॉनेस्ट्री बीचवर पहिल्यांदा गेले तेव्हा मी हसले होते, हे आधीच कबूल करते. कॅलिफोर्नियात कार्मेल गावाच्या जरा दक्षिणेला, हायवे एकला लागूनच हा किनारा आहे. रस्त्यापलीकडे कार्मेलाइट नन्सचा मठ, म्हणून हे नाव. त्या सकाळी दोन डायव्हर पाण्यातून बाहेर येत होते. दोघंही साठीच्या पुढचे. पाठीवर सिलिंडर, डोळ्यांवर मास्क, तोंडात रेग्युलेटर आणि चक्क रांगत! ओली वाळू संपून कोरडी लागेपर्यंत ते रांगले, मग बसले, फिन काढल्या आणि एकमेकांना हात देऊन उठले. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, समुद्राने कसे गुडघे टेकायला लावले!"

तो हसला नाही. तो नागपूरचा. त्याचा समुद्र म्हणजे अंबाझरी तलाव, असं मी लग्नापासून म्हणत आले आहे. मी देवगडची. खरं सांगायचं तर देवगडात असताना मी कंबरेएवढ्या पाण्यापलीकडे कधी गेले नव्हते. पोहायला शिकले ते चाळिशीत, सनीव्हेलच्या तरणतलावात. डायव्हिंगचं प्रमाणपत्र आम्ही दोघांनी मिळवलं ते माँटेरेच्या ब्रेकवॉटरपाशी, बांधाच्या आडोशाच्या शांत पाण्यात. पण घरात समुद्राचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा, हे ठरून गेलं होतं.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारीही तो माझाच होता. दीड तास गाडी हाकून पोचलो. निघण्यापूर्वी मी फोनवर समुद्रातल्या बॉयचे आकडे पाहिले होते: चार फुटांची लाट. चार फूट म्हणजे काहीच नाही. त्याच ओळीत पुढे सोळा सेकंद लिहिलं होतं, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. किनाऱ्यावर पाच मिनिटं उभे राहिलो. समुद्र दुधाच्या पातेल्यासारखा निवांत दिसत होता.

तो म्हणाला, "आज नको वाटतंय गं."

"का?"

"माहीत नाही. नको वाटतंय."

मी म्हटलं, "सिलिंडर भाड्याने आणले, पहाटे उठलो, आणि आता तुला नको वाटतंय? एवढ्या पाण्याला आमच्याकडे पोरंसुद्धा घाबरत नाहीत." एवढ्यावर कोणता नवरा किनाऱ्यावर बसून राहील?

पाण्यात उतरलो ते किनाऱ्याच्या मधोमध. दोन्ही टोकांना ग्रॅनाइटचे खडक होते, त्यांच्याभोवती केल्प या समुद्री शैवालाची दाट झाडी. आम्हा कोकणातल्या लोकांच्या डोक्यात पक्कं असतं: कातळावर आपटलं की हाडं मोडतात, वाळूत पडलं तर फार तर नाकात पाणी जातं. म्हणून मी मोकळी वाळू निवडली. आत गेलो तेही सहज. तिथून पोहत केल्पपर्यंत गेलो, खाली उतरलो आणि पुढची पस्तीस मिनिटं मला काही आठवायचं कारण उरलं नाही. तळातून पृष्ठभागापर्यंत सरळ चढलेल्या त्या तपकिरी वेली, त्यांच्यातून तिरपा उतरणारा उजेड, आणि बारा अंशांच्या त्या पाण्यात एकाच दिशेला तोंड करून स्तब्ध उभा असलेला निळ्या रॉकफिशचा थवा. मनात म्हटलं, उगाच भितो हा.

परतताना तो माझ्यापुढे होता. शिकवलं होतं तसं त्याने फुटणाऱ्या लाटेच्या अलीकडे थांबून एक लाट जाऊ दिली, तिच्यामागून आत शिरला, हात-पाय टेकले आणि रांगत वर गेला. मी चार पावलांवर होते. पाणी कंबरेपर्यंत. फिन काढून हातात घेतल्या आणि उभी राहिले, कारण मला रांगायचं नव्हतं. रेग्युलेटरही तोंडातून काढला, कारण मला ओरडून सांगायचं होतं, "बघ, मी चालत येतेय."

त्या किनाऱ्याची वाळू आपल्या वाळूसारखी नाही. भगरीपासून साबुदाण्यापर्यंतचे जाड दाणे आणि उतार घराच्या छपरासारखा. मागे जाणाऱ्या पाण्याने पायांखालचे दाणे ओढून नेले, घोट्यापर्यंत पाय रुतले आणि तीसेक किलोचा बोजा घेऊन मी मागच्या मागे बसले. पुढची लाट माझ्यावरच फुटली. मास्क गेला. फिन गेल्या. तोंडात वाळू. वर कुठे, खाली कुठे कळेना. सिलिंडरमुळे कुशीवर वळता येईना. पाणी ओसरलं तेव्हा मी काठापासून होते त्याहून लांब गेले होते.

तो परत पाण्यात आला. ज्याचं मन सकाळपासून नको म्हणत होतं, तो कोरड्या वाळूवर सुखरूप पोचलेला माणूस माझ्यासाठी पुन्हा आत आला. तिसऱ्या लाटेने आम्हा दोघांना एकत्र लोळवलं. त्याने माझा रेग्युलेटर चाचपडत शोधून माझ्या तोंडात कोंबला, सिलिंडरचा व्हॉल्व्ह मुठीत धरला आणि ओढलं. मी आले ती रांगतच. वर येऊनही कितीतरी वेळ रांगत राहिले, वाळू कोरडी झाली हे हातांना कळेना.

मला गुडघा सुजण्यापलीकडे काही झालं नाही. लसणाच्या वासाचं गिलरॉय येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मग तो शांतपणे म्हणाला, "तू नको म्हणाली असतीस ना, तर मी का म्हणून विचारलं नसतं."

ते वाक्य पचवायला मला बरेच दिवस लागले. दरम्यान, गुडघ्यावर बर्फ ठेवून, मी आधी करायचा तो अभ्यास नंतर केला. माँटेरेच्या समुद्राखालच्या प्रचंड दरीचा कार्मेल नावाचा फाटा या किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन पोचतो. आमच्या कोकणासमोर समुद्राचा तळ कित्येक किलोमीटर हळूहळू उतरत जातो. तळाला घासत, फुटत लाट दमते आणि पायांशी येते ती फेस होऊन. इथे तिला दमायला जागाच नाही. खोल पाण्यातून येते ती तशीच काठावर कोसळते. आणि ते सोळा सेकंद, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ: खोल समुद्रात आठ सेकंदांच्या लाटेची लांबी शंभर मीटर असते, सोळा सेकंदांच्या लाटेची चारशे. उंची तीच, पण मागून येणारं पाणी कितीतरी जास्त, आणि काठाशी ती उसळते तीही जास्त. शिवाय अशा लाटा झुंडीने येतात. मधल्या काळात समुद्र निवांत दिसतो. मी पाहिली ती नेमकी ती पाच मिनिटं. मी वर्षानुवर्षं जे 'समुद्राचं ज्ञान' म्हणून मिरवत होते, ते फक्त माझ्या गावच्या उताराचं ज्ञान होतं. इथले जाणकार टोकांना, खडक आणि केल्पच्या आडोशाने उतरतात, मधोमध नाही. पाण्याच्या हेलकाव्याने खडकावर आपटण्याची भीती तिथेही असतेच, पण लाट तिथे मोडून येते. या किनाऱ्याला लोक 'मॉर्च्युअरी बीच' म्हणतात आणि धोक्याची पाटीही आहे. ती मी वाचली होती. इतरांसाठी आहे, असं वाटलं होतं.

अजून एक कबुली. लहानपणी पावसाळ्यात गावातले खलाशी किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले दिसायचे. मध्येच मान वर करून समुद्राकडे बघायचे आणि परत जाळ्यात डोकं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत हेच. मला ते रिकामटेकडे वाटायचे. समुद्रावर पोट असलेली माणसं महिनोन्महिने त्याच्यापुढे नुसती बसतात, हे पाहत मी मोठी झाले आणि त्यातून काहीही शिकले नाही.

आता आम्ही पाण्यापुढे किमान वीस मिनिटं बसतो. ओली वाळू कुठपर्यंत आहे ते पाहतो, कारण शेवटची मोठी लाट कुठवर आली होती ते तिथे लिहिलेलं असतं. बाहेर येताना मास्क आणि रेग्युलेटर जागेवरच, हवा शिल्लक, पाठीमागे लक्ष. हात-पाय टेकायचे, पाणी ओढू लागलं की बोटं वाळूत रोवून थांबायचं, ढकलू लागलं की पुढे सरकायचं. 'गुडघे टेकणे' म्हणजे हरणे, हे मला शाळेत शिकवलं होतं. माझ्या वेटसूटचे गुडघे आता घासून पांढरे पडले आहेत.

मागच्या रविवारी पुन्हा गेलो होतो. आकडे बरे होते, मी टोकाची जागाही हेरून ठेवली होती. थर्मासातला चहा संपत आला तेव्हा तो म्हणाला, "नको वाटतंय."

'का' माझ्या ओठांवर आला होता. तो चहाबरोबर गिळला आणि गाडीच्या किल्ल्या शोधू लागले.