जिभेखालचे बंधन

संत मार्क ह्यांच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे केले, तेव्हा त्याच्या जिभेचे बंधन सुटले असा उल्लेख आहे. काही बालके असे बंधन घेऊनच जन्मतात. त्याची झळ वाचेच्या आधी दुधाला लागते, हे आम्हांला घरी पाळणा हलल्यावर उमगले.

आमच्या पुतणीचे बाळंतपण कोल्हापुरात झाले. बाळ तासन् तास छातीशी असे, तरी उपाशी राही. दूध ओढताना चट्चट् आवाज येई. मातेच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या. नात्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी निकाल दिला, ‘पोरीला दूधच नाही!’ ती बिचारी भिंतीकडे तोंड करून रडत बसे. पंधरवडा उलटूनही बाळाचे वजन जन्मवेळेइतके होईना, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी जिभेखाली बोट फिरवून पाहिले. जीभ हिरडीपुढे येतच नव्हती.

जिभेखाली पातळ पडदा सर्वांनाच असतो. तो आखूड वा ताठ असला, तर बाळाची पकड निसटते. मग ते हिरडीने चावते, हवा गिळते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ह्यांचा मेळ चुकून ते मध्येच ठसकते. मात्र झोपेत श्वास अडकण्याचे खापर ह्या पडद्यावर फोडण्यास पुरेसा आधार नाही. बाळ निळसर पडले किंवा श्वासागणिक त्याची छाती आत ओढली जाऊ लागली, तर तडक थोरला दवाखाना, म्हणजे सी.पी.आर. रुग्णालय, गाठावे.

पूर्वी युरोपात सुइणी नखाने हा पडदा छेदीत. आज डॉक्टर तो निर्जंतुक कात्रीने क्षणात छेदतात, तरी घाई बरी नव्हे. कोक्रेन संस्थेने २०१७ साली ५ चाचण्यांतील ३०२ अर्भकांचा आढावा घेतला. छेदामुळे मातेची वेदना काही काळ कमी झाली, परंतु बाळाच्या दूध पिण्यात सर्वत्र सारखी सुधारणा आढळली नाही. अमेरिकेच्या बालरोग अकादमीनेही २०२४ साली सुचविले, की आधी स्तनपानास मदत द्यावी.

आमच्या डॉक्टरांनी तेच केले. त्यांनी पाजणे स्वतः पाहिले, बाळ धरण्याची पद्धत बदलली. तेवढ्याने भागेना, तेव्हाच छेद दिला. हळूहळू बाळ पोटभर पिऊ लागले. दूध होतेच!

धर्मग्रामातील आजी-मावश्यांना आमची विनंती एवढीच, की ओल्या बाळंतिणीला बोल लावण्यापूर्वी बाळाची जीभ डॉक्टरांकडून पाहून घ्यावी.