बर्फात ‘डी’ मोड विसरा!

ऑटोमॅटिक गाडी म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमधलं वरदान! क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. टाका ‘डी’वर आणि निवांत एफएम ऐका. पण हीच लाडावलेली गाडी बर्फावर नेली, की ती आपलं ऐकणार की उताराचं?

ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल टनेल सुरू झाला आणि मनालीहून भर हिवाळ्यात लाहौल गाठणं सोपं झालं. मग काय, आपण सगळेच निघालो! डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते टनेलच्या रस्त्यावर बर्फामुळे हजारेक गाड्या अडकल्या होत्या, तरी हौस काही कमी होत नाही. त्यानंतरच्या एका जानेवारीत मीही गेले. भाड्याची ऑटोमॅटिक, मागे आई आणि शेजारी बाबा. बाबा म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर! डोळ्यांमुळे आता स्टिअरिंग सुटलंय, पण नजर माझ्या हातांवरच. ‘गिअर नसलेली गाडी ही काय गाडी?’ हे पालुपद पुण्यापासून चालू.

निघण्याआधी होमस्टेवाल्या भैयांनी मला मोकळ्या मैदानात बर्फावर गाडी फिरवायला लावली. शिकवणी साधीच. ‘एम’ मोडवर घ्या आणि दुसऱ्या गिअरवर उचला, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरत नाहीत. ॲक्सिलरेटर पापडासारखा हळुवार दाबा. एबीएसमुळे ब्रेकचं पेडल थरथरलं, तर घाबरून पाय काढू नका. गाडी घसरलीच, तर ॲक्सिलरेटर सोडा आणि जिकडे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग वळवा. पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहा. आणि बर्फात अडकलात, तर इंजिन चालू ठेवण्याआधी सायलेन्सरवरचा बर्फ काढा, नाहीतर विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो.

सिस्सूला बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला. लहान मुलासारखे हसले. तीन वाजले तसं मी म्हटलं, ‘चला.’
‘अगं, आत्ताच तर आलोय!’
पण दिवसा वितळलेलं पाणी ऊन उतरलं की गोठतं. रस्ता नुसता ओला दिसतो, प्रत्यक्षात काच असते. बाबा फुगले. मी ऐकलं नाही.

टनेलच्या मनालीकडच्या तोंडाबाहेर उतार सुरू झाला. मी ‘एम’वर दुसरा गिअर घेतला. इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं, ब्रेकला पाय जेमतेम लागत होता. पुढे एक एसयूव्ही ब्रेक मारताच आडवी झाली. मधे अंतर होतं, म्हणून मी सावकाश थांबू शकले. मागे आईचं रामरक्षा पुटपुटणं. बाबा गप्प.

सोलंग मागे पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘दुसऱ्यावरच आणलीस?’
‘हो.’
‘आम्हीही घाट असाच उतरायचो,’ म्हणाले आणि चक्क डोळे मिटून झोपले. मी चालवत असताना पहिल्यांदाच!